एक फायबर, तीन नेटवर्कं

पुण्यातल्या एका दवाखान्यात नंबराची वाट पाहणाऱ्या पेशंटने मोबाइलवर 'प्रिंट' दाबलं, तर यादीत थेट रिसेप्शनचा प्रिंटर! पेशंट नेटवर्किंगवाला निघाला. त्याने डॉक्टरांना स्क्रीनच दाखवला.

कारण साधं होतं. कामाचे कॉम्प्युटर, सीसीटीव्ही आणि पेशंटचं वाय-फाय, सगळं एकाच नेटवर्कवर.

हे वेगळं करायला दुसरं कनेक्शन लागत नाही. त्याने राउटरवर तीन व्हीलॅन, म्हणजे एकाच यंत्रणेवरची तीन वेगळी आभासी नेटवर्कं, केले: कामाला १९२.१६८.१०.०, कॅमेऱ्यांना १९२.१६८.२०.०, पेशंटना १९२.१६८.३०.०. राउटर आणि स्विचमधल्या वायरीतून जाताना डेटाच्या प्रत्येक तुकड्यावर व्हीलॅनचा क्रमांक असतो, म्हणून एकाच वायरीतूनही सरमिसळ होत नाही. ८०२.१क्यू मानकात असे ४,०९४ क्रमांक वापरता येतात.

बाहेर मात्र पत्ता एकच. कुठली विनंती कोणाची, याची पोर्ट क्रमांकासह नोंद राउटर ठेवतो आणि उत्तर ज्याचं त्याला पोचवतो. हेच 'नॅट'. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खासगी वापरासाठी राखीव असल्याने तेच पत्ते घरोघरी चालतात.

व्हीलॅन केले की काम संपलं, असं नाही. अनेक राउटर त्यांच्यात आपणहून वाहतूक सुरू ठेवतात. फायरवॉलमध्ये ती बंद करावी लागते.

राउटरला व्हीलॅन जमत नसेल, तर निदान 'गेस्ट नेटवर्क' सुरू करा. अडलंच तर मॉडेल लिहून खाली विचारा.