पाण्याच्या वाटेवरची पेटी

इंग्लंडच्या नकाशात डार्टमूरच्या माळावर ‘क्रॅनमिअर पूल’ नावाचं तळं सापडतं. प्रत्यक्षात तिथं तळं नाही, दलदलीनं वेढलेला एक खळगा आहे. लपवलेली पत्रपेटी खुणांवरून हुडकण्याचा खेळ याच खळग्यातून निघाला, आणि त्याचा माग काढण्याचा नाद मला कित्येक वर्षं आहे.

शेरलॉक होम्सच्या बास्करव्हिल प्रकरणामुळे हा माळ मराठी वाचकांच्या ओळखीचा आहे. जेम्स पेरट मात्र फारसा कुणाला ठाऊक नाही. तो चॅगफर्ड गावचा वाटाड्या. हौशी पाहुण्यांना माळ दाखवणं हा त्याचा पोटाचा धंदा. १८५४ साली त्यानं क्रॅनमिअरला एक बाटली ठेवली: इथवर पोचलात, तर आपलं कार्ड आत टाका. जागेची निवड हेच त्याचं मोठेपण. तिथं जायचं तर ओल्या दलदलीतून पाय उपसत, वाटाड्याच्या मागे चालावं लागे. त्यामुळे बाटलीतल्या प्रत्येक कार्डामागे केलेली पायपीट होती.

क्रॅनमिअरचं तळं कोरडं कसं पडलं, याची तिथं एक दंतकथा आहे. बेंजी नावाच्या महापौराच्या भुताला ते चाळणीनं उपसायची शिक्षा झाली. भूत हुशार निघालं. त्यानं चाळणीला मेंढीचं कातडं लावलं आणि सगळं पाणी उपसून काढलं.

पुढचा इतिहास भरभर सांगतो. १८८८ मध्ये बाटलीच्या जागी पत्र्याची पेटी आली. आपलाच पत्ता लिहिलेलं कार्ड पेटीत टाकायचं आणि पुढच्या वाटसरूनं ते टपालात घालायचं, अशी रीत पडली. १९०५ मध्ये नोंदवही आली, मग रबरी शिक्का आला. १९७६ मध्ये टॉम गँट यांनी पेट्यांचा नकाशा काढला, तेव्हा त्या जेमतेम पंधराएक होत्या. नंतर त्यांची संख्या हजारांत गेली. शंभर पेट्या शोधणाऱ्यांचा ‘हंड्रेड क्लब’ निघाला. आपला शिक्का पेटीतल्या वहीत उठवायचा, पेटीतला आपल्या वहीत, आणि पेटी होती तशी लपवून ठेवायची, एवढाच नियम.

गर्दी वाढली तसा वादही आला. पेट्या प्राचीन दगडी अवशेषांत लपवू नयेत, खणू नये, सिमेंट वापरू नये, अशी आचारसंहिता करावी लागली. ती मला या खेळाइतकीच मोलाची वाटते. जागा ओळखण्यासाठी चालायचं आणि तिथलेच दगड हलवायचे, हे कसं चालेल?

हा खेळ जालन्यात आणायचा, तर खुणा उसन्या आणायला नकोत. तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्याच्या १८८४ च्या गॅझेटिअरमध्ये जालन्याविषयी एक नोंद आहे. मलिक अंबरच्या काळातला अधिकारी जमशेदखान यानं मोती तलाव बांधला आणि जमिनीखालच्या नळांनी त्याचं पाणी शहरातल्या हौदांत नेलं. त्या हौदांतला सर्वांत ठळक सराईच्या चौकातला. मला ही नोंद वाचताना तयार कोडं सापडल्यासारखं वाटलं.

नवीन जालन्यातली कुटुंबं पोरांना घेऊन मोती तलावाजवळच्या मोतीबागेत जातातच. तिथं पहिला प्रश्न घालावा: पंप नसताना तलावातलं पाणी शहरात कसं गेलं असेल? पोरं उतार शोधू लागतील. दुसरी खूण त्या उताराची दिशा विचारेल, तिसरी झाडाची किंवा पायरीची. शेवटी बाकाखाली किंवा झाडाच्या बुंध्याशी एक पारदर्शक डबा. तो पारदर्शकच हवा आणि वर ठळक चिठ्ठीही हवी, कारण बेवारस बंद डब्यानं लोक घाबरतात. बागेच्या व्यवस्थापनाची परवानगी आधी घ्यावी. मशीद, सराई, जुनी भिंत यांना हात लावू नये. त्यांच्याबद्दल विचारावं, त्यांच्यात लपवू नये. शिक्का घरीच खोडरबर कोरून होतो.

आतल्या वहीत नाव-तारखेवर मात्र भागवू नये. आजी-आजोबांना विचारून आलेली एक ओळ प्रत्येकानं लिहावी: आमच्या गल्लीतला हौद कुठं होता, आड कुठं बुजला, कुंडलिका नदीला पाणी कधीपर्यंत असे. गॅझेटिअरनं हौद नोंदवले, पण ते वापरणाऱ्यांच्या आठवणी लिहिल्या नाहीत. ते काम अजून शिल्लक आहे आणि पोरांच्या हातून ते उत्तम होईल.