गाडी तापते, ऊन बदनाम होते

मे महिन्याच्या भर दुपारी बुटीबोरीच्या चौकात बॉनेट उघडून उभी असलेली गाडी दिसली, की येणारा-जाणारा एकच निदान करतो : ऊन फार आहे. नागपूरच्या परिसरात ते पटण्यासारखेही असते. मे २०१३ मध्ये नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता आणि ४५ अंश तर इथे अनेक उन्हाळ्यांत गाठले जातात. पण त्याच चौकातून, त्याच दुपारी, हैदराबादकडे आणि वर्धा-यवतमाळकडे जाणाऱ्या कितीतरी गाड्या तापमानाचा काटा जागचा न हलता निघून जातात. ऊन सगळ्यांना सारखेच, मग तापते ती एखादीच का? कारण त्या गाडीत दोष आधीपासून असतो आणि उन्हात तो उघडा पडतो. ऊन आपल्याला दुरुस्त करता येत नाही, दोष करता येतो. म्हणून शोध गाडीतच घ्यायला हवा.

इंधनाच्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश इंजिनाच्या कामी येते, तेवढीच सायलेन्सरवाटे जाते आणि उरलेली बरीचशी कूलंटला वाहून न्यावी लागते. वॉटर पंप कूलंट फिरवतो, थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ९० अंशांना उघडून त्याला रेडिएटरकडे सोडतो आणि रेडिएटर ती उष्णता हवेला देतो. कूलंट आणि हवा यांच्या तापमानात जितका फरक जास्त, तितकी ही उष्णता लवकर निघते. कूलंट ९५ अंशांवर असेल, तर ३० अंशांच्या हवेत हा फरक ६५ अंशांचा असतो, ४५ अंशांच्या हवेत ५० अंशांचा. म्हणजे उन्हाळ्यात रेडिएटरची ताकद साधारण पाव हिश्शाने घटते. धडधाकट गाडीत एवढी ताकद राखीव ठेवलेली असते. नळ्या क्षारांनी बुजलेला रेडिएटर मात्र डिसेंबरात कसाबसा निभावतो आणि मे महिन्यात हात टेकतो. ‘ऊन कारण नसेल तर गाडी उन्हाळ्यातच का तापते?’ या रास्त शंकेचे उत्तर त्या पाव हिश्शात आहे.

दोष कुठे आहे, याचा पहिला पुरावा गाडी केव्हा तापते यातच मिळतो. ट्रकांच्या रांगेत उभी असताना काटा चढतो आणि वेग घेताच उतरतो, तर संशय पंख्यावर घ्यावा : मोटर, फ्यूज, रिले, तापमानाचा सेन्सर. एसीचा कंडेन्सर बहुधा रेडिएटरच्या पुढेच बसवलेला असतो. त्या दोघांच्या फटीत धूळ-किडे साचले, तरी लक्षण हेच. उलट गावात ठीक चालणारी गाडी समृद्धी महामार्गावर १२० च्या वेगात तापत असेल, तर हवा भरपूर असते, कूलंटचा प्रवाह कमी पडतो. तिथे आतून बुजलेला रेडिएटर, झिजलेला वॉटर पंप किंवा अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट तपासावा. थंड इंजिन सुरू करून काही मिनिटांतच काटा वर गेला, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला आहे, कूलंट कमी आहे किंवा आत हवा अडकली आहे. आणि कुठे थेंबभरही गळती दिसत नसताना कूलंट घटत असेल, टाकीत बुडबुडे आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येत असेल, तर हेड गॅसकेटची शंका गंभीरपणे घ्यावी.

शंका आली म्हणून लगेच पार्ट बदलू नये, कारण जवळपास प्रत्येक शंकेसाठी स्वस्त चाचणी आहे. थर्मोस्टॅट काढून पाण्यात तापवला, की तो किती अंशांना उघडतो ते थर्मामीटरवर कळते. थंड इंजिनात हातपंपाने दाब भरला, की बारीक गळती उघड होते. रेडिएटरच्या तोंडावर निळे रसायन धरतात. सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये मिसळत असेल तर ते पिवळे पडते. चाचणी न करता आधी रेडिएटर, मग पंप, मग हेड असे बदलत गेल्यास गाडी दुरुस्त होईलही, पण नेमका दोष काय होता ते कळणार नाही आणि बिल मात्र सगळ्याचे भरावे लागेल.

‘आपल्याकडे कुठे बर्फ पडतो? थर्मोस्टॅट काढून टाका,’ हा सल्ला सर्रास मिळतो. त्याने काही गाड्यांचा काटा खाली येतो, हे खरे. पण इंजिन योग्य तापमानाला पोचायला फार वेळ लागतो, इंधन जास्त जळते आणि झीज वाढते. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट नसला, की गरम कूलंटचा काही भाग रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जातो, म्हणजे उपाय उलटाच पडतो. दुसरा युक्तिवाद साध्या पाण्याचा. निव्वळ पाणी उष्णता जास्त वाहून नेते, हे मान्य करायलाच हवे. पण ते १०० अंशांना उकळते, तर निम्मे पाणी आणि निम्मे ग्लायकॉल यांचे मिश्रण १०७ अंशांच्या आसपास. कुकरच्या शिट्टीसारखे काम करणारे रेडिएटरचे झाकण दाब धरून ही मर्यादा आणखी वाढवते. शिवाय कूलंटमध्ये गंजरोधक असतात. बोअरच्या जड पाण्यात ते नसतात, उलट क्षार असतात आणि तेच पुढे नळ्या बुजवतात. अडचणीत घरी पोचण्यापुरते पाणी घालावे, पण नंतर कूलंट बदलून घ्यावे.

काटा लाल पट्ट्याकडे सरकू लागला, की एसी बंद करावा, हीटर पूर्ण सोडावा आणि सुरक्षित जागा बघून थांबावे. काटा लाल पट्ट्यात गेला किंवा वाफ दिसली, तर इंजिन लगेच बंद करावे. ‘गाव पाच किलोमीटरवर तर आहे’ हा हिशेब सर्वांत महाग पडतो. ॲल्युमिनियमचे हेड वाकले, की काम हजारांवरून लाखाकडे जाऊ शकते. निदान अर्धा तास झाकणाला हात लावू नये, कारण दाब सुटताच आतला द्रव उसळून भाजते. तापलेल्या इंजिनात गार पाणीही ओतू नये, हेडला तडा जाऊ शकतो. खरे काम मात्र त्याआधीचे आहे. फेब्रुवारीतच झाकण, पंखा, होज पाईप आणि कूलंट तपासून घ्या. तरीही गाडी तापली आणि मेकॅनिकने महागडा पार्ट सुचवला, तर कोणती चाचणी करून हा दोष ठरवला, एवढे विचारा. उत्तर मिळाल्याशिवाय पैसे मोजू नका.