एकाच रंगाच्या इतक्या तारा कशासाठी?

संगणकाच्या पेटीचे झाकण उघडले की पॉवर सप्लायमधून निघालेला तारांचा जुडगा प्रथम नजरेत भरतो. मदरबोर्डकडे जाणाऱ्या २४ पिनांच्या कनेक्टरमध्ये रूढ रंगसंगतीनुसार ३.३ व्होल्टच्या चार नारिंगी, ५ व्होल्टच्या पाच लाल, १२ व्होल्टच्या दोन पिवळ्या आणि परतीच्या प्रवाहासाठी आठ काळ्या तारा असतात. एका रंगाच्या तारा पॉवर सप्लायच्या आत एकाच ठिकाणी डाख देऊन जोडलेल्या असतात. मग एकच तार का पुरत नाही?

याचे कारण कमी विद्युतदाब. घरातील २३० व्होल्टच्या प्लगमधून ३०० वॅट घेताना जेमतेम १.३ अँपिअर प्रवाह वाहतो. तीच शक्ती १२ व्होल्टवर द्यायची तर २५ अँपिअर लागतात. त्यातच तारेतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

समजा, ३.३ व्होल्टवर २० अँपिअर प्रवाह अर्धा मीटर लांबीच्या नेहमीच्या तारेतून (छेद सुमारे ०.८ चौरस मिलिमीटर) न्यायचा आहे. जाता-येता मिळून सुमारे ०.४ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतील आणि आठ वॅटहून अधिक उष्णता निर्माण होईल. मदरबोर्डला येथे पाच टक्क्यांपर्यंत, म्हणजे जेमतेम ०.१६५ व्होल्टची घट चालते! प्रवाह चार-चार तारांत वाटला, की घट ०.१ व्होल्टवर येते आणि प्रत्येक तारेतील उष्णता सोळाव्या हिश्श्यावर.

एकच जाड तार वापरूनही ही घट रोखता येईल. मात्र ती पेटीत वळवणे कठीण, आणि खरी मर्यादा तारेची नसून पिनेची असते. पिनेचा स्पर्श अगदी लहान जागेत होतो आणि तेथेच ती तापते. म्हणून पिनाही अनेक हव्यात.

अर्थात, प्रवाहाची समान वाटणी सर्व पिना सारख्याच घट्ट बसल्या असतील तरच होते. एखादी सैल राहिली, की तिचा भार इतरांवर पडतो. २०२२ मध्ये आलेल्या 'आरटीएक्स ४०९०' ग्राफिक्स कार्डाच्या नव्या कनेक्टरमध्ये ६०० वॅटपर्यंतचा भार १२ व्होल्टच्या अवघ्या सहा पिनांवर होता, म्हणजे प्रत्येकीवर आठ अँपिअरहून अधिक. त्याच वर्षी असे काही कनेक्टर वितळले. ते पूर्णपणे न बसवल्याने असे घडल्याचे एनव्हिडियाने सांगितले.

जुन्या हार्ड डिस्कच्या चार पिनी कनेक्टरवरून ग्राफिक्स कार्डाला वीज देणारे स्वस्त अडॅप्टर बाजारात मिळतात. त्या कनेक्टरमध्ये पिवळी तार एकच असते. १५० वॅटच्या कार्डासाठी तिच्यातून साडेबारा अँपिअर प्रवाह न्यावा लागतो.