घास उतरत नसताना

केमोथेरपीनंतर ज्याला सतत मळमळतं, त्याला घोटभर पेजही नकोशी होते. ॲप्रेपिटंट हे औषध अशा उलट्या रोखण्यासाठीच आहे. पण ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. साध्या भुकटीच्या रूपात ते भरल्या पोटीच बऱ्यापैकी शोषलं जायचं. उपाशीपोटी घेतलं की बरंचसं न विरघळता पुढं सरकायचं. ज्याला अन्न जात नाही, त्याच्याच औषधाला जेवणाची गरज! बी. फार्म.च्या मुलांना विद्राव्यता शिकवताना मी आधी हा रुग्ण त्यांच्यासमोर उभा करते, समीकरणं नंतर.

विरघळण्याचा वेग 1897 साली एमआयटीतल्या आर्थर नॉयस आणि विलिस व्हिटनी यांनी मोजला, बेंझोइक आम्ल आणि लेड क्लोराइडच्या कांड्या पाण्यात फिरवून. त्या कामाच्या पुढच्या टप्प्यात पृष्ठभागाचं महत्त्व स्पष्ट झालं: पदार्थाचा जेवढा भाग पाण्याला भिडेल, तेवढा तो भराभर विरघळतो. एक मिलिमीटर बाजूचा घन घेऊन त्याचे 100 नॅनोमीटरचे तुकडे करा. मूळचा 6 चौरस मिलिमीटर पृष्ठभाग 600 चौरस सेंटिमीटर होतो, जवळपास ए-फोर कागदाएवढा.

मात्र नुसतं दळून भागत नाही, आणि माझ्या मते खरं कौशल्य इथून पुढं लागतं. इतके बारीक कण एकमेकांना चिकटून पुन्हा गठ्ठे होतात. शिवाय लहान कणांतलं औषध विरघळून मोठ्या कणांवर जमत जातं. ॲप्रेपिटंटच्या कॅप्सूलमध्ये अशा बारीक दळलेल्या कणांची राखण हायड्रॉक्सिप्रोपिल सेल्युलोज हा पॉलिमर करतो. त्याच्या लांब साखळ्या कणाला धरून बसतात, त्यांची मोकळी टोकं पाण्यात पसरतात आणि दुसऱ्या कणाला जवळ येऊ देत नाहीत. सोबतीला थोडं सोडियम लॉरिल सल्फेट असतं. हे औषध 2003 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. ते घेण्यासाठी आता जेवणाची अट नाही.

औषधाचे नॅनोकण दळण्याशिवायही बनतात. हळदीतलं कर्क्युमिन ॲसिटोनमध्ये विरघळवायचं आणि पॉलिमर घातलेल्या, जोरात ढवळत्या पाण्यात थेंब थेंब सोडायचं. औषधाला पाणी सोसत नाही, ते क्षणात सूक्ष्म कणांच्या रूपात बाहेर पडतं. विद्यार्थ्यांना हा प्रयोग फार आवडतो, मलाही.

त्यानंतरच्या चाचणीत मात्र मी कडक असते. 37 अंशांच्या द्रवात पॅडल फिरतं, ठरावीक वेळी नमुना काढून गाळला जातो आणि त्यातलं औषध मोजलं जातं. नेहमीचा फिल्टर 0.45 मायक्रॉनचा, म्हणजे 450 नॅनोमीटरचा. दीडशे नॅनोमीटरचा कण त्यातून सहज निसटतो आणि न विरघळताच 'विरघळलेला' म्हणून मोजला जातो. पाच मिनिटांत शंभर टक्क्यांना टेकलेला आलेख कुणी आणला, तर मी आधी फिल्टर विचारते, मग 0.1 मायक्रॉनचा किंवा त्याहून बारीक फिल्टर लावून तीच चाचणी पुन्हा करायला सांगते.