द्राक्षमळ्याचें रोजचें चित्र कसें टिपावें व जपावें

वेल रोज पाहणाऱ्यास तिची वाढ दिसत नाहीं. महिन्याभराचीं चित्रें ओळीनें मांडलीं म्हणजे ती दिसते. त्र्यंबकेश्वरीं १८७० सालीं जन्मलेले दादासाहेब फाळके यांनीं १९१२ सालीं हेंच केलें. कुंडींत वाटाणा लावून त्याच्या अंकुराचीं चित्रें त्यांनीं ठराविक अंतरानें टिपलीं. पुढील चित्रपटासाठीं भांडवल मिळविण्यास ती चित्रमालिका उपयोगी पडली.

आज तेंच काम नाशिक जिल्ह्यांतील द्राक्षबागाइतदारांस बेताच्या खर्चांत करतां येतें. एक लहान संगणक, एक कॅमेरा व पायथन भाषेंत लिहिलेल्या कांहीं आज्ञा एवढें साहित्य पुरतें. ओपन-सीव्ही नांवाचा आज्ञासंग्रह यासाठीं फुकट मिळतो.

आज्ञांचा क्रम असा. प्रथम कॅमेरा उघडावा. उघडतांच येणारीं चित्रें पुष्कळदां काळपट किंवा भगभगीत असतात, कारण उजेडाचा अंदाज घेण्यास कॅमेऱ्यास थोडा वेळ लागतो. तीं दहावीस टाकून पुढचें ठेवावें. ‘रीड’ ही आज्ञा चित्र देते व तें मिळालें कीं नाहीं हेंही सांगते. हें उत्तर तपासल्यावांचून पुढें जाऊं नये. ‘इमराइट’ ही आज्ञा चित्र फाइलींत लिहिते. शेवटीं कॅमेरा बंद करावा.

खरा घात जपण्यांत होतो. रोज ‘बाग’ हें एकच नांव दिल्यास आजचें चित्र कालच्या चित्रावर लिहिलें जातें, आणि संगणक त्याविषयीं चकार शब्द काढीत नाहीं. हंगामाअखेर एकच चित्र हातीं उरतें. म्हणून नांवांत वर्ष, महिना, दिवस, तास व मिनिट याच क्रमानें घालावें, जसें २०२५-१०-०७-०८-००. एकेरी आंकड्यामागें शून्य ठेवल्यास चित्रें आपोआप क्रमानें लागतात. ठेवण्याची जागा चुकली असल्यास ‘इमराइट’ मुकाट्यानें नकार देते, तेव्हां तिचेंही उत्तर पाहावें.

तिसरी गोष्ट घड्याळाची. स्वस्त लहान संगणकांपैकीं पुष्कळांत घड्याळासाठीं बॅटरी नसते. वीज गेली व इंटरनेटही नसलें कीं वेळ चुकते. गारपीट कोणत्या दिवशीं झाली हें दाखविण्याचा प्रसंग आल्यास चुकीच्या तारखेचें चित्र काय कामाचें? यासाठीं बॅटरीचें निराळें घड्याळ जोडावें, व दर आठवड्यास चित्रांची एक प्रत घरीं आणावी.

मात्र कॅमेरा लाविला म्हणून बागेंतील फेरी सोडूं नये. केवड्याची पांढरी बुरशी पानाच्या खालच्या अंगास वाढते. खांबावरील कॅमेऱ्यास ती दिसत नाहीं. पान उलटून पाहणें मालकाच्याच हातीं आहे.

ऑक्टोबर छाटणीपासून काढणीपर्यंतचा गेलेला दिवस परत टिपतां येत नाहीं. म्हणून आम्ही असें सुचवितों कीं, छाटणीपूर्वीं घरींच आठ दिवस प्रयोग करावा. आठ दिवसांचीं आठ चित्रें आठ निरनिराळ्या नांवांनीं व बरोबर तारखांनीं मिळालीं, तरच बागेंत खांब रोवावा.