वेगळी खोली

१९१८च्या मुंबईतील इन्फ्लुएन्झाविषयी वाचताना मी पुन्हा पुन्हा एकाच नोंदीपाशी थांबतो. त्या साथीत शहरातील युरोपियनांचा मृत्युदर हजारी सुमारे ८ होता. खालच्या मानल्या गेलेल्या हिंदू जातींचा सुमारे ६१. रामबाण औषध कोणापाशीच नव्हते. माणसातला हा विषाणू हाती लागला तो १९३३ साली. मग फरक कशाचा? मला वाटते, हवेशीर खोलीचा, पोटभर अन्नाचा (त्या वर्षी पावसानेही दगा दिला होता) आणि उशाशी बसून पाणी पाजणाऱ्या माणसाचा.

आज दरवर्षी घेण्याची लस आहे. घरची शुश्रूषा मात्र फारशी बदललेली नाही: विश्रांती, पाणी, पेज, तापाला पॅरासिटामॉल, मुलांना अ‍ॅस्पिरिन नको. लक्षणांच्या आदल्या दिवसापासून पुढे ५-७ दिवस संसर्ग पसरतो, म्हणून रोग्याला वेगळ्या खोलीत ठेवा म्हणतात. अन् खोली एकच असेल तर? खिडकी उघडी ठेवावी, रोग्याने मास्क लावावा, झोपताना एकाच्या डोक्याशी दुसऱ्याचे पाय यावेत. धाप लागली किंवा उतरलेला ताप पुन्हा चढला, तर मात्र तडक दवाखाना गाठावा. १९१८ साली बहुतेकांचा जीव घेतला तो मागाहून आलेल्या न्यूमोनियाने.