गुणपत्रिकेत न मावणारं काम

आजारी मैत्रिणीला वह्या पोहोचवणं, वर्ग रिकामा झाला की पंखे बंद करणं, नळ गळतोय हे शिपाईकाकांना सांगणं, ही कामं कुणी नेमून देत नाही, पण शाळेचा गाडा त्यांच्यावर चालतो. नोकरीच्या ठिकाणच्या अशा वागण्याला अमेरिकी अभ्यासक डेनिस ऑर्गन यांनी 'संस्थात्मक नागरिकत्व' म्हटलं. त्यांचं त्यावरचं पुस्तक १९८८ साली आलं. पण शाळेत अशा कामांसाठी मुलांकडे वेळ कुठे आहे? मुंबईजवळच्या मीरा रोडच्या हाटकेशमध्ये उद्योगनगराच्या गाळ्यांना लागूनच गृहसंकुलं उभी आहेत. अशा वस्तीतली नववी-दहावीची मुलं शाळा सुटली की क्लास गाठतात. शाळेसाठी वेगळा वेळ काढणार कधी? मग या कामांनाही गुण द्या, असा उपाय सुचतो. मला तो घातक वाटतो. मार्क लेपर आणि सहकाऱ्यांच्या १९७३च्या प्रयोगात, बक्षीस कबूल करून चित्रं काढायला लावलेली मुलं पुढे आपणहून कमी चित्रं काढू लागली. ती बालवाडीतली होती हे खरं, पण गुणांचा हिशेब तर दहावीतलं मूल जास्त चोख करतं.

गुणांविनाही मुलं राबतात, ती जागा आपली वाटली तर. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली काढलेल्या बोर्डिंगात निरनिराळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, जेवायची आणि राबायचीही. ती गरिबीची सक्ती होती, असं कुणी म्हणेल. गरिबी होतीच. पण कष्टाचं फळ त्यांच्याच ताटात पडत होतं, त्यामुळे बोर्डिंग परकं राहिलं नाही. आपल्या शाळांत हीच आपलेपणाची बाजू लंगडी आहे. रांगोळीला त्याच मुली, बाकं उचलायला तीच मुकाट मुलं. इस्रायली अभ्यासक एरन विगोडा-गॅडोट यांनी २००६ साली अशा लादलेल्या 'स्वेच्छे'वर नेमकं बोट ठेवलं. म्हणून कामाची पाळी फिरती हवी आणि नकार देणाऱ्यावर डूख धरला जाऊ नये. एवढ्या मोकळीकीने शिस्त बिघडेल, ही शिक्षकांची धास्ती मी समजू शकतो. साठ-साठ मुलांचा वर्ग सांभाळणं सोपं नाही. पण ऑर्गन यांच्या मांडणीत संस्थेच्या कारभारात लक्ष घालणंही नागरिकत्वातच मोडतं. बडबडणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहिणाऱ्या मॉनिटरला शाबासकी मिळते. मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी नाही, हे मुख्याध्यापकांच्या कानावर घालणारी मुलगी मात्र आगाऊ ठरते. शाळेची खरी काळजी तिला आहे. तिला प्रशस्तिपत्र नको. पाणी कधी येणार, याचं उत्तर आठवडाभरात मिळायला हवं.